रोझविथाची माणसं

रोझविथा थीलेनने आधी नाहीच म्हटलं होतं.

सरपंच एवाल्ट ब्रुक स्वयंपाकघराच्या दारातून आत आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि वरच्या खोल्या अजून शाबूत आहेत ना, अशी चौकशी करू लागला. तेव्हाच तिनं ओळखलं की हा काहीतरी गळ्यात मारायला आलाय. खोल्या शाबूत होत्या, पण खाणावळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचा नवरा माथेस एका शनिवारी बिअरचा ग्लास भरता भरता काउंटरमागेच कोसळला. नळ तसाच वाहत राहिला आणि तो बंद करायचं भान आलं तेव्हा माथेस गेलेला होता. दारावरची पाटी तिनं उतरवली नाही, पण पुढचं दारही त्यानंतर कधी उघडलं नाही. ती मागच्या दारानं जायची-यायची.

एवाल्टचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दोन वर्षं तो ज्याच्यासाठी घरोघर फिरला, ती इंटरनेटची फायबर केबल अखेर त्यांच्या हिंटरशाइड गावाला येत होती. चर खोदायला माणसं येणार होती आणि त्यांना राहायला जवळपास कुठं जागा नव्हती.

"सहा आठवडे, रोझविथा. झोपायला खाट आणि सकाळची कॉफी. बस."

"माझे गुडघे गेलेत, एवाल्ट."

"तुझ्या गुडघ्यांना कोण काय म्हणतंय? माणसं आपापल्या पायांनी जिना चढतील."

तिनं नाही म्हटलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मागच्या अंगणातल्या दोरीवर चादरी वाळत पडलेल्या दिसल्या. तिचं मन बदललं होतं असं नाही. नाही म्हटल्यावर त्याच्यावर ठाम राहायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आताशा तिच्यात उरला नव्हता. एवाल्ट पुन्हा येणार, मग पाद्रीबाबांना पाठवणार, मग पाववाल्याच्या गाडीपाशी बायका विचारणार. त्यापेक्षा चादरी धुतलेल्या बऱ्या.

ती एकोणसत्तर वर्षांची होती. डोंगरापलीकडच्या खालच्या गावातून लग्न होऊन इथं आली, त्यालाही पन्नास वर्षं होत आली होती, तरी हिंटरशाइडमधली जुनी माणसं तिला अजून 'पलीकडची' म्हणत. मूल झालं नाही. जन्म गेला तो लोकांच्या ताटल्या उचलण्यात आणि लोकांच्या गप्पा ऐकण्यात. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला किती चढते, कुणाला बटाट्यात कांदा चालत नाही, हे सगळं तिला पाठ होतं. तिला काय चालत नाही हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

केबलचं तिला सुखदुःख नव्हतं. गावाला मात्र ती हवी होती. हिंटरशाइड दरीत बसलेलं, मोबाईलला नेटवर्क नाही. कुणाला फोन लावायचा तर टेकडीवरच्या क्रुसापाशी चढून जायचं. शाळेतली पोरं गृहपाठ पाठवायला तिथं थंडीत कुडकुडत उभी राहायची. गावचा डॉक्टर निवृत्त झाला होता आणि शहरातली नवी डॉक्टरीण म्हणत होती की केबल आली तर पडद्यावरून तपासेन. तरुण माणसं म्हणत होती की केबल आली तर परत येऊ. ती येतील यावर एवाल्टचा विश्वास होता. केबलच्या अर्जावर म्हाताऱ्यांनी सह्या केल्या त्या, एवाल्टला दारात उभा बघून बघून कंटाळले म्हणून.

माणसं आली ती चौघं. डोरेल आणि त्याचे तीन गडी, सगळे रुमानियातल्या मारामुरेशच्या डोंगरांतले. डोरेल पन्नाशीचा, पूर्वी खाणीत होता. खाण बंद पडली तेव्हापासून युरोपभर चर खोदत हिंडत होता. जर्मन बोलायचा ते तुकड्या-तुकड्यांनी, पण समजण्यासारखं. पहिल्याच संध्याकाळी चौघांनी बूट मागच्या दाराबाहेर काढले आणि ओळीनं भिंतीशी लावून ठेवले. रोझविथानं ते पाहिलं.

ठरली होती सकाळची कॉफी. आठवडा संपायच्या आत ती रात्रीचं जेवणही करू लागली, कारण ते चौघं जिन्यावर बसून डब्यातली घेवड्याची उसळ थंडच खात होते. तिच्या छपराखाली आजवर कुणी डब्यातून थंड खाल्लं नव्हतं. मग वाटाण्याचं सूप आलं, सॉसेज आली, बटाट्याच्या धिरड्यांवर सफरचंदाचा मुरांबा आला. संध्याकाळी ती स्टुलावर बसून बटाटे किसायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची. कोणी सांगितलं होतं तुला, म्हणायची.

एका रविवारी डोरेलनं चुलीपाशी येऊन अदबीनं विचारलं, आज स्वयंपाकघर मिळेल का. तिनं खांदे उडवले. त्यानं मक्याच्या पिठाची घट्ट उकड केली, लाकडी पाटावर उलटी पाडली, दोऱ्यानं कापली आणि वर मेंढीचं चीज आणि आंबट साय घालून ताटली तिच्या पुढ्यात ठेवली. आपल्याच स्वयंपाकघरात आपण बसलोय आणि दुसऱ्या कुणी आपल्याला वाढलंय, असं याआधी कधी झालं होतं ते तिला आठवेना. चांगलं झालंय असं ती म्हणाली नाही. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सहा आठवडे संपले, पण काम संपलं नाही. आधी जमिनीखाली पाटीचा दगड लागला. छोट्या पोकलेनचे दात त्यावर नुसते खरवडायचे, दिवसभरात दोन घरांपुढचा चर होईना. मग गावातलं खोदकाम उरकत आलं, तर गावाबाहेरचा ओढा आडवा आला. मोठ्या रस्त्यावरून येणारी केबल त्या ओढ्याखालून न्यायची होती, आणि ओढ्यात कसले दुर्मीळ शिंपले होते, त्यामुळे वेगळी परवानगी हवी होती. ती येईपर्यंत डोरेलची टोळी कधी दुसऱ्या गावी पाठवली जायची, कधी परत यायची. चर खडी टाकून बुजवले होते, पाऊस पडला की खडी खचायची. गावभर चिखल झाला.

आणि त्या चिखलाची तक्रार रोझविथाकडे येऊ लागली. पाववाल्याची गाडी आठवड्यातून दोनदा चौकात थांबायची, तिथं बायका रांगेत तिला गाठायच्या. तुझ्या माणसांनी माझ्या गुलाबाची मुळं तोडली. तुझी माणसं सकाळी सातला दगड फोडायला घेतात. तुझ्या माणसांना सांग, माझ्या भिंतीला ट्रक टेकवू नका. एवाल्टला कुणी काही म्हणत नव्हतं, कारण एवाल्ट त्या दिवसांत दिसेनासाच झाला होता. रोझविथा पाव घ्यायची आणि सांगते म्हणायची. तिला कुणाशी वाद घालायचा नव्हता. तिला घरी जाऊन पाय कोमट पाण्यात सोडायचे होते.

सगळ्यांत जास्त तोंडसुख घ्यायचा तो युप हामेस. वरच्या गल्लीत एकटाच राहायचा. चौऱ्याऐंशीचा म्हातारा, जन्मभर दगडाच्या खाणीत काम केलेला, बायको केव्हाच गेलेली. खाणावळ चालू होती तेव्हा खिडकीजवळचं टेबल त्याचं असायचं. चाळीस वर्षं रोझविथानं त्याला बिअर दिली आणि चाळीस वर्षं त्यानं तिला नावानं हाक मारली नाही. "पलीकडचे, आणखी एक," एवढंच. केबलबद्दल त्याचं मत एवाल्टला तोंडावर सांगून झालं होतं. "मला वेगवान कशाला हवंय? मी स्वतःच हळू चाललोय." सही त्यानं केली ती एवाल्ट पावसात भिजत दारात उभा होता म्हणून, आणि दार उघडं राहून घर गार पडत होतं म्हणून. आता तो दिवसभर खिडकीत बसून डोरेलच्या माणसांना कसं खोदावं ते ओरडून सांगायचा.

नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या कंदिलांची मिरवणूक झाली त्याच आठवड्यात, वरच्या गल्लीत पोकलेनच्या दाताखाली जुनी टेलिफोनची केबल आली आणि तुटली. नकाशात ती भलतीकडेच दाखवलेली होती. डोरेलनं लगेच टेकडीवर जाऊन कळवलं. खोदणाऱ्या कंपनीनं टेलिफोनवाल्यांना कळवलं. टेलिफोनवाल्यांनी सांगितलं की तोडणाऱ्यानं आधी तसं लेखी द्यावं, मग बघू. तोवर वरच्या गल्लीतले सगळे फोन मुके.

त्या संध्याकाळी डोरेलनं ताटलीला हात लावला नाही.

"थीलेनबाई, त्या गल्लीत एकटं कोण राहतं?"

तिनं सांगितलं. वेल्टर बहिणी, म्हणजे दोघी असल्या तरी एक आंधळी. आडेलहाइड. आणि युप.

"त्यांच्यात कुणाच्या गळ्यात ते बटण आहे? पडल्यावर मदतीसाठी दाबायचं?"

"युपच्या. गेल्या वर्षीच घालून दिलंय."

"ते टेलिफोनच्या तारेवर चालतं," डोरेल म्हणाला. "आता नाही चालणार."

तो स्वतः जायला तयार होता, पण अंधारात अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर म्हाताऱ्यांचा जीव जायचा. तेव्हा रोझविथानं कोट चढवला. वरची गल्ली नावाप्रमाणेच वर आहे आणि दिवसभर ती उभीच होती. वेल्टर बहिणींकडे अर्धा तास गेला, कारण धाकटीला फोन बंद पडल्याची हकीकत पहिल्यापासून सांगायची होती. आडेलहाइडकडे पाणी भरलेली बादली उचलून द्यावी लागली. युपच्या फाटकाशी पोचली तेव्हा गुडघ्यात सुया टोचत होत्या. फाटकाची कडी काढली. पुढे त्या उंच दगडी पायऱ्या. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा जळत होता.

ती थांबली. दिवा आहे म्हणजे म्हातारा रेडिओ लावून बसलाय. वर गेलं तर दार उघडायला तो पाच मिनिटं घेणार आणि मग 'पलीकडची आली' म्हणून काहीतरी टोचणारं बोलणार. सकाळी येऊ, असं तिनं ठरवलं, कडी लावली आणि उतरू लागली.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. हिंटरशाइडमध्ये दिवा लावला की खिडकीचं शटर खाली ओढलं जातं. त्या गावात अंधार पडल्यावर उघड्या खिडकीत कुणी बसत नाही. युपचं शटर वरच होतं.

सकाळी कामावर जाताना डोरेलला उजेडातही तो दिवा जळताना दिसला. त्यानं घंटी वाजवली, हाका मारल्या, मग कट्ट्यावर चढून आत पाहिलं. चुलीपाशी एक पाय दिसत होता. त्यानं कोपरानं काच फोडली, आत गेला, आपलं जाकीट म्हाताऱ्यावर घातलं आणि एका गड्याला टेकडीवर पळवलं. रोझविथा धापा टाकत वर पोचली तेव्हा डोरेल फरशीवर बसला होता आणि युपचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. युपचे ओठ निळे पडले होते. पुटपुटत तो फुटलेल्या काचेबद्दल शिव्या देत होता. गळ्यातलं बटण त्याच्या मुठीत होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं आणि रात्रभर गार फरशीवर पडून छातीत कफ भरला होता. रुग्णवाहिका त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली.

रविवारी प्रार्थनेनंतर गाव सभागृहात जमलं. असं सगळं गाव फार दिवसांनी एकत्र आलं होतं. फोन तोडले, आता म्हातारेही मारायला निघाले, असं कुणीतरी म्हणालं. या लोकांना आजच्या आज गावाबाहेर काढा, दुसरी टोळी आणा, असं दुसरं कुणी म्हणालं, आणि बऱ्याच माना हलल्या. एवाल्ट टेबलाकडे बघत होता. डोरेल आला नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. रोझविथा नेहमीसारखी कॉफीच्या मोठ्या किटलीमागे उभी होती. अशा सभांमध्ये ती कधी बोलली नव्हती. आताही ती पुढे आली नाही. कप पुसता पुसता, आहे तिथूनच बोलली.

"केबल त्यांनी तोडली, हे खरं आहे. त्याच संध्याकाळी डोरेलनं येऊन मला सांगितलं, हेही खरं आहे. मी युपच्या फाटकापर्यंत गेले होते. दिवा दिसला आणि मी परत फिरले. शटर वर होतं, ते मला दिसलं नाही." तिनं कप ठेवला, दुसरा घेतला. "मी दमले होते. आता कुणाला बोलायचंच असेल तर मला बोला."

खुर्च्या सरकल्या, एकानं खिडकी उघडली. थोड्या वेळानं एवाल्टनं ओढ्याच्या परवानगीचा विषय काढला आणि सभा तिकडे वळली. टोळी राहिली. पण पुढचे कितीतरी दिवस पाववाल्याच्या गाडीपाशी रोझविथाशी कुणी धड बोललं नाही, तुझ्या माणसांनी असं केलं आणि तसं केलं, असंही नाही. आधीचा छळ बरा होता असं तिला वाटायचं.

टेलिफोनची तार जोडायला कुणी येईना. तोवर रोझविथा सकाळ-संध्याकाळ वरच्या गल्लीत फेरी मारू लागली. वेल्टर बहिणी, आडेलहाइड, आणि युपच्या रिकाम्या घरातली कुंड्यांची झाडं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती ते पुण्य म्हणूनही करत नव्हती. न जाता घरी बसून बघितलं, तर झोप येईना. सकाळी ती एकटी जायची. संध्याकाळी डोरेल बॅटरी घेऊन सोबत यायचा. दिवसभर दगड फोडलेला माणूस आणि दिवसभर उभी असलेली बाई, दोघंही त्या चढावर सारखेच रखडत चालायचे, त्यामुळे कुणाला कुणासाठी थांबावं लागत नव्हतं. पहिल्या दिवशी वेल्टरांच्या कुत्र्यानं डोरेलची विजार धरली. आठवड्यानं तो कुत्रा त्याचीच वाट बघू लागला.

एकदा चढावर दम खायला थांबले असताना तिनं त्याला घरचं विचारलं. बायको सोडून गेली होती. आई होती, गावात, एकटी.

"तिच्याकडे फोन आहे का धड?"

"फोन? आमच्या गावात फायबर कधीचं आलंय, थीलेनबाई. इथं येईल त्यापेक्षा वेगवान."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. "आणि तू इथं येऊन आमच्यासाठी खोदतोयस."

"मग काय करू? तिथलं खोदून झालं."

आई रोज बोलते का, असं तिनं विचारलं. रविवारी, म्हणाला. तो टेकडीवर क्रुसापाशी जातो, ती तिकडे स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. दोन-तीन वाक्यं बोलून होतात. मग ती कांदा चिरत बसते आणि हा बघत उभा राहतो, हात गोठेपर्यंत.

"आणि ती पडली तर?"

डोरेलनं बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. "तर मला अगदी स्वच्छ दिसेल," तो म्हणाला. मग ते पुढं चालू लागले.

नाताळच्या आधी एका सकाळी टेलिफोनवाल्यांची गाडी आली आणि तासाभरात तार जोडून गेली. रोझविथानं फेरी थांबवली. दोन दिवसांनी धाकट्या वेल्टरबाईंचा फोन आला, येत का नाहीस म्हणून.

"आता फोन चालतोय ना तुमचा?"

"चालतोय ना. म्हणून तर फोन करून विचारतेय."

रोझविथा म्हणाली, येईन. पण ती गेली नाही. त्या आठवड्यात तिच्यानं अंथरुणातून उठणंच होत नव्हतं. अंग दुखत नव्हतं, ताप नव्हता, नुसती झोप येत होती. डोरेल आणि त्याचे गडी सणाला घरी गेले होते. वरच्या खोल्या गार पडल्या होत्या आणि तिला त्या बऱ्या वाटत होत्या, आणि नव्हत्याही.

नव्या वर्षात परवानगी आली. टोळी परतली, ओढ्याखालून नळी घातली, केबल ओढली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना दुसऱ्या प्रांतात पाठवलं गेलं. निरोप असा काही झाला नाही. सकाळी कॉफी झाली, बूट घातले गेले. डोरेलनं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. तिनं अर्थ विचारला नाही. ट्रक गेल्यावर तिनं चादरी उतरवून मशीनमध्ये घातल्या आणि मशीनपुढच्या खुर्चीतच बसून राहिली, शेवटची चादर फिरून थांबेपर्यंत.

मार्चमध्ये युप घरी आला. वृद्धाश्रमात जाणार नाही म्हणून त्यानं इस्पितळात एवढा गोंधळ घातला की डॉक्टरांनीच त्याला घरी पाठवायचं ठरवलं, चालायला चाकांचा वॉकर आणि सकाळी येणारी नर्स अशी सोय करून. रोझविथाला कळलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिनं आठवडा घालवला. त्याच्यापुढे उभं राहून काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि न बोलता नुसतं सूप ठेवून यावं, तर तेही बरं दिसेना.

केबल चालू करायचा समारंभ शनिवारी ठरला. सभागृहापुढे सॉसेज भाजायची शेगडी, गावचा बँड, आणि जिल्ह्याहून कुणी साहेब लाल बटण दाबायला येणार होते. एवाल्टनं तिला कॉफीचं बघायला सांगितलं होतं. तिनं सकाळी किटली भरली, कप मांडले आणि आडेलहाइडच्या मुलीला म्हणाली, पुढचं तू बघ. मग घरी येऊन सूपचं भांडं फडक्यात बांधलं आणि वरच्या गल्लीकडे निघाली.

युप स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. इस्पितळानं त्याला निम्मा करून पाठवलं होतं. कोपऱ्यात भिंतीवर केबलचा नवा पांढरा डबा लटकत होता आणि त्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. त्यावर युपनं आपली टोपी अडकवून ठेवली होती, पण ठिपका कापडातूनही दिसत होता.

"वाटाण्याचं आहे," ती म्हणाली.

"दिसतंय."

तिनं भांडं चुलीवर ठेवलं. थाळी कुठंय ते शोधलं. तो तिच्याकडे बघत होता.

"त्या दिवशी तू आली होतीस," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं? एवाल्टनं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? चाळीस वर्षं तुझी पावलं ऐकलीत मी. डावा पाय घासतेस. फाटकाची कडी वाजली, तेव्हाच कळलं कोण ते. हाक मारली मी." त्यानं गळ्याशी हात नेला. "आवाजच फुटला नाही. मग कडी परत वाजली."

रोझविथा चुलीकडे तोंड करून उभी राहिली. सूप ढवळायची गरज नव्हती, तरी ढवळत राहिली.

"रागावला असशील."

"रागावलो होतो तर. रात्र मोठी होती, सगळ्यांवर रागावून झालं. तुझ्यावर, एवाल्टवर, त्या रुमानियावाल्यावर. मेलेल्या आईवरसुद्धा, मला लहानपणी दूध कमी पाजलं म्हणून हाडं ठिसूळ झाली. पहाटेपर्यंत कुणी उरलंच नाही रागवायला."

"मी दमले होते, युप."

"ठाऊक आहे. पावलांवरूनच कळत होतं." त्यानं समोरच्या खुर्चीकडे हनुवटीनं खूण केली. "बस. सूप काही पळून जात नाही."

ती बसली. खालून बँडचा आवाज वर येत होता. तुताऱ्या एकमेकींच्या पुढं धावत होत्या. मग तो थांबला, माइकवरून कुणीतरी बराच वेळ बोललं, आणि टाळ्या झाल्या. शिंपडल्यासारख्या, थोड्याच.

"चालू झालं वाटतं," युप म्हणाला.

दोघांनीही कोपऱ्यातल्या टोपीकडे पाहिलं. तिथं काहीच बदललं नव्हतं. युपनं रेडिओ लावला, हवामान ऐकलं, बंद केला. खोली उबदार होती. रोझविथानं बुटांतून टाचा सोडवल्या आणि नुसतं क्षणभर, म्हणून खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

जागी झाली तेव्हा खिडकीबाहेर संध्याकाळ होत आली होती. गुडघ्यांवर घोंगडी होती. बँड गेला होता. युप टेबलाशी बसून चाकूनं बटाटे सोलत होता, आणि साल इतकी जाड काढत होता की प्रत्येक बटाटा निम्माच उरत होता. सूपचं भांडं रिकामं होऊन बाजूला पडलं होतं.

"किती वेळ झोपले मी?"

"मी काय मोजत बसलो होतो? घोरतेस मात्र झकास." त्यानं बटाट्यांचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. "मीठ तूच शोध. त्या नर्सनं सगळं हलवून ठेवलंय, रोझविथा, मला माझ्याच घरात काही सापडत नाही."

ती उठली. गुडघे कुरकुरले. तिनं पातेलं नळाखाली धरलं आणि एकेक फडताळ उघडून मीठ शोधू लागली.